मानसिक आरोग्य व मेंदूइजा कार्यक्रमांच्या परिणामकारकतेचे मूल्यमापन : कळवण तालुक्याच्या संदर्भात एक चिकित्सक अभ्यास

सारांश

मानसिक आरोग्याचे कार्यक्रम आणि मेंदूला इजा झालेल्या रुग्णांसाठीचे कार्यक्रम आपल्याकडे स्वतंत्रपणे चालतात आणि त्यांचे मूल्यमापनही स्वतंत्रपणे होते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्र, गोवा व अन्यत्र झालेल्या काही महत्त्वाच्या मूल्यमापनांची चिकित्सा केली आहे. मूल्यमापनाचा केंद्रबिंदू कार्यक्रमाने केलेले काम हा नसून रुग्णाच्या जीवनात पडलेला फरक हा असावा, आणि दोन्ही प्रकारच्या कार्यक्रमांची तुलना करायची असेल तर ‘कामावर व कुटुंबात परत येणे’ हा समान निकष स्वीकारावा लागेल, असे प्रतिपादन येथे केले आहे. कळवणसारख्या आदिवासीबहुल तालुक्यासाठी हा निकष कसा वापरता येईल, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मानसिक आरोग्य, मेंदूइजा, मूल्यमापन, तुलना गट, कार्यक्षमता, पुनर्वसन, आदिवासी क्षेत्र.

प्रस्तावना

भारतात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या आधारे १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची आखणी झाली. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला व २९ मे २०१८ पासून तो अमलात आला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली आणि अपघातात डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला दवाखान्यापर्यंत पोहोचविण्याची एक यंत्रणा उभी राहिली. योजना आल्या, कायदे आले, निधीही आला. या सर्वांचा रुग्णाला नेमका किती उपयोग झाला, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा अनुत्तरित राहतो.

कळवण हा नाशिक जिल्ह्यातील आदिवासीबहुल तालुका आहे. गिरणा नदीच्या खोऱ्यातील कांद्याची शेती, पश्चिमेकडील डोंगराळ पाडे, सप्तशृंगी गडावरील यात्रा आणि घाटातील वाहतूक ही या तालुक्याची ठळक वैशिष्ट्ये होत. तालुक्याच्या गावी उपजिल्हा रुग्णालय आहे. परंतु राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. जिल्ह्याचे ठिकाणही सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. अशा ठिकाणी एखादा कार्यक्रम ‘यशस्वी झाला’ असे म्हणताना आपण काय मोजून ते म्हणतो, हे तपासणे अगत्याचे आहे. कारण चुकीचे मोजमाप झाल्यास निधी त्याच चुकीच्या वाटेने वाहत राहतो आणि गरजू कुटुंब आहे तेथेच राहते.

लेखाची उद्दिष्टे व पद्धती

१. मानसिक आरोग्य व मेंदूइजा या दोन्ही क्षेत्रांतील प्रमुख मूल्यमापनांचे स्वरूप समजून घेणे.
२. त्या मूल्यमापनांची बलस्थाने व मर्यादा स्पष्ट करणे.
३. दोन्ही क्षेत्रांतील कार्यक्रमांची तुलना करण्यासाठी समान निकष सुचविणे.
४. कळवण तालुक्याच्या परिस्थितीत त्या निकषांची उपयुक्तता तपासणे.

प्रस्तुत लेखन दुय्यम साधनांवर आधारित असून त्याचे स्वरूप चिकित्सक आहे. येथे नवीन सर्वेक्षण केलेले नाही. प्रकाशित झालेल्या मूल्यमापनांची परस्परांशी व स्थानिक वास्तवाशी तुलना केली आहे.

कार्यक्रमाचे काम आणि कार्यक्रमाचा परिणाम

आपल्याकडील वार्षिक अहवालांची एक ठरलेली भाषा असते. इतकी शिबिरे झाली, इतके रुग्ण तपासले, इतक्या आशा कार्यकर्तींना प्रशिक्षण दिले, इतके माहितीफलक लावले. ही सर्व आकडेवारी खरी असू शकते आणि आवश्यकही असते. परंतु ती कार्यक्रमाच्या कामाची नोंद आहे, परिणामाची नव्हे. एकच रुग्ण सहा वेळा बाह्यरुग्ण विभागात आला तर अहवालात सहा भेटी नोंदविल्या जातात. तो बरा झाला म्हणून येईनासा झाला, की एसटीच्या भाड्याला पैसे नाहीत म्हणून थांबला, हे त्या आकड्यावरून समजत नाही. टेलि-मानसच्या बाबतीतही आलेल्या दूरध्वनींची संख्या लाखांमध्ये सांगितली जाते. दूरध्वनी करणाऱ्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या संख्येच्या पलीकडचा आहे.

दुसरा प्रश्न छेदाचा आहे. शंभर रुग्णांवर उपचार झाले हे यश आहे की अपयश, हे तालुक्यात एकूण किती रुग्ण आहेत यावर अवलंबून असते. २०१५-१६ मध्ये बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि निरनिराळ्या विकारांमध्ये उपचारांपासून वंचित असलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. तथापि, हे सर्वेक्षण ज्या १२ राज्यांत झाले त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. त्यामुळे आपल्या तालुक्याचा अंदाज बांधताना शेजारच्या गुजरात किंवा मध्य प्रदेशाचे आकडे उसने घ्यावे लागतात. उसन्या छेदावर काढलेली टक्केवारी जपूनच वापरली पाहिजे.

मानसिक आरोग्याची मूल्यमापने : एक चिकित्सा

मराठी व कोकणी भाषिक प्रदेशात मानसिक आरोग्याच्या काही कार्यक्रमांचे मूल्यमापन अत्यंत काटेकोरपणे झाले आहे. गोव्यातील ‘मानस’ ही चाचणी त्यांत अग्रक्रमाने उल्लेखावी लागेल. नंतर सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेशी तिचा संबंध नाही. १२ सरकारी आरोग्य केंद्रे व १२ खासगी दवाखाने अशा २४ ठिकाणी ही चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नैराश्य व चिंताविकार असलेल्या रुग्णांना स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, प्रशिक्षित समुपदेशकांची मदत दिली गेली. सरकारी केंद्रांमध्ये सहा महिन्यांनंतर बरे झालेल्यांचे प्रमाण समुपदेशक असलेल्या गटात ६५.९ टक्के, तर नसलेल्या गटात ४२.५ टक्के आढळले. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

या निष्कर्षाचा घाईने अर्थ लावल्यास ‘कार्यक्रम सरकारी केंद्रांत चालतो, खासगीत चालत नाही’ असे वाटेल. वस्तुतः खासगी दवाखान्यांतील रुग्ण समुपदेशकाविनाही जवळपास तितक्याच प्रमाणात बरे होत होते. म्हणजे दोन्ही ठिकाणी कार्यक्रमाअंतीची पातळी सारखीच होती, फरक तुलना गटाच्या पातळीत होता. यावरून एक महत्त्वाचे सूत्र हाती येते. कार्यक्रमाची परिणामकारकता ही त्या कार्यक्रमाच्या अंगी असलेली स्थिर गोष्ट नाही. तो नसता तर रुग्णाला काय मिळाले असते, यावर ती अवलंबून असते. जेथे आधीची सेवा दुबळी आहे तेथे साधा कार्यक्रमही मोठा फरक घडवू शकतो. कळवणच्या दृष्टीने ही आशादायक बाब आहे.

गोव्यातच पुढे नैराश्याच्या मध्यम-तीव्र व तीव्र रुग्णांसाठी एक संक्षिप्त समुपदेशन पद्धती विकसित करण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचणीत तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर पडलेल्यांचे प्रमाण ६४ टक्के, तर तुलना गटात ३९ टक्के होते. रुग्णाला त्याच्या नेहमीच्या, अर्थपूर्ण कामांकडे हळूहळू परत वळविणे हा या पद्धतीचा गाभा आहे. उपचार आणि परिणाम या दोन्हींच्या केंद्रस्थानी ‘काम’ असणे ही तिची विशेष नोंद घेण्याजोगी बाब आहे.

विदर्भातील ‘विश्राम’ हा कार्यक्रम शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राबविला गेला. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांमध्ये त्याचे मूल्यमापन झाले व २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. नैराश्यग्रस्त व्यक्तींपैकी उपचारासाठी कोणाशी तरी संपर्क साधणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. या मूल्यमापनाचे बलस्थान असे की, दवाखान्यात आलेल्यांची नव्हे तर गावातील सर्वसाधारण लोकसंख्येची पाहणी करण्यात आली. म्हणजे छेद निश्चित होता. मर्यादा अशी की, ही ‘आधी व नंतर’ अशी तुलना होती, स्वतंत्र तुलना गट नव्हता. त्या दीड वर्षात पाऊस, पीक, बाजारभाव यांपैकी कशामुळे किती फरक पडला, हे वेगळे काढणे अवघड आहे. शिवाय संपर्क होणे आणि गुण येणे या दोन वेगळ्या गोष्टी होत.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी सातारा, गोवा व तमिळनाडूतील कांचीपुरम येथे झालेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २८२ रुग्ण सहभागी होते. दवाखान्यातील उपचारांना गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांच्या गृहभेटींची जोड दिल्यास काय होते, हे तपासण्यात आले. बारा महिन्यांनंतर लक्षणांमध्ये २० टक्क्यांहून अधिक घट झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ५१ टक्के, म्हणजे समान होते. सरासरी अक्षमता मात्र गृहभेटींच्या गटात अधिक कमी झाली होती आणि कांचीपुरम येथे परिणाम सर्वाधिक स्पष्ट होता. हा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. केवळ लक्षणे मोजली असती तर या कार्यक्रमावर ‘निरुपयोगी’ असा शिक्का बसला असता. रुग्ण स्वतःची काळजी घेतो का, माणसांत मिसळतो का, काम करतो का, हे मोजल्यामुळेच त्याची उपयुक्तता दिसली. तसेच एकच कार्यक्रम तीन ठिकाणी तीन प्रकारे उतरतो, हेही सिद्ध झाले.

नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण ‘आत्मीयता’ या कार्यक्रमाचे आहे. पुणे येथील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने हा कार्यक्रम २०१३ ते २०१५ या काळात नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत प्रथम राबविला. गावातीलच विश्वासू स्त्री-पुरुषांनी त्रासात असलेल्या व्यक्तीला ओळखावे, तिचे ऐकून घ्यावे, समुपदेशन करावे, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवावे आणि शासकीय योजनांचा लाभ मिळवून द्यावा, अशी त्याची रचना होती. पुढे हाच कार्यक्रम गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात ६४५ गावांत नेण्यात आला. तेथे गावांचे गट करून टप्प्याटप्प्याने कार्यक्रम सुरू करण्यात आला आणि ज्या गावांची पाळी अद्याप आली नव्हती त्यांच्याशी तुलना करण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी व आठ महिन्यांनीही कार्यक्रमाच्या गावांत बरे होण्याची शक्यता अधिक आढळली.

येथे एक विसंगती नोंदविणे भाग आहे. कार्यक्रमाचे बीज नाशिकच्या मातीत रुजले, पण त्याच्या परिणामकारकतेचा भक्कम पुरावा मेहसाण्यात तयार झाला. मेहसाण्याचा सपाट, रस्त्यांनी जोडलेला प्रदेश आणि कळवणच्या पश्चिमेकडील पाडे यांत फरक आहे. तेथील निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू पडेल, असे गृहीत धरता येणार नाही. परंतु तेथे वापरलेली टप्प्याटप्प्याची पद्धत आपल्याकडे निश्चितच आणता येईल. कारण मर्यादित मनुष्यबळामुळे कोणताही कार्यक्रम सर्व गावांत एकदम सुरू होत नाहीच. हा नाइलाज नीट आखला तर तोच तुलनेचे साधन बनतो.

मेंदूइजा : दवाखान्याच्या दारापर्यंतचे मूल्यमापन

मेंदूइजेच्या क्षेत्रातील मूल्यमापनाची परंपरा वेगळी आहे. १९७४ मध्ये ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी रुग्णाची शुद्ध मोजण्यासाठी ३ ते १५ गुणांची श्रेणी तयार केली. १९७५ मध्ये जेनेट व बाँड यांनी परिणाम मोजण्यासाठी पाच पायऱ्यांची श्रेणी मांडली. मृत्यू, केवळ जैविक अस्तित्व, तीव्र अक्षमता, मध्यम अक्षमता आणि चांगली सुधारणा या त्या पाच पायऱ्या होत. या दोन मापांमुळे जगभरातील रुग्णांची तुलना शक्य झाली.

काटेकोर तुलनेचे महत्त्व या क्षेत्राने फार मोठी किंमत देऊन ओळखले. डोक्याला मार लागल्यावर मेंदूची सूज कमी करण्यासाठी स्टिरॉइड देण्याची पद्धत अनेक वर्षे प्रचलित होती. तर्काने ती योग्यच वाटत होती. २००४ मध्ये ‘क्रॅश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १०,००८ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. स्टिरॉइड दिलेल्या गटात दोन आठवड्यांत २१.१ टक्के, तर न दिलेल्या गटात १७.९ टक्के मृत्यू झाले होते. सद्हेतूने दिलेले औषध अपायकारक ठरत होते आणि तुलना गट नसता तर ते कधीच लक्षात आले नसते. ‘काही नसण्यापेक्षा काहीतरी बरे’ या युक्तिवादाला यापेक्षा परखड उत्तर सापडणार नाही.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश-३’ चाचणीत रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या औषधाचा अभ्यास झाला. तिच्यात १२,७३७ रुग्ण होते. इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या, सौम्य ते मध्यम इजेच्या रुग्णांमध्ये त्या इजेमुळे होणारे मृत्यू कमी झाले. अतिगंभीर रुग्णांत तसा लाभ दिसला नाही. म्हणजे औषधाची परिणामकारकता ही वाहतुकीच्या वेगाशी बांधलेली आहे. घाटातील रस्त्यावर, पावसाळ्यात, मध्यरात्री हे तीन तास कसे जातात, हे कळवणच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. १२ जुलै २०२३ रोजी सप्तशृंगी गडाच्या घाटात एसटी बस दरीत कोसळून झालेल्या अपघातानेही तत्काळ बचाव व वाहतूक यांचे महत्त्व अधोरेखित केले.

महागडी साधने म्हणजे उत्तम कार्यक्रम, या समजुतीचीही परीक्षा झाली आहे. बोलिव्हिया व इक्वेडोर येथील अतिदक्षता विभागांमध्ये तीव्र मेंदूइजेच्या ३२४ रुग्णांवर झालेली चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. कवटीच्या आतील दाब यंत्राने सतत मोजून केलेले उपचार आणि वारंवार तपासणी व सी. टी. स्कॅन यांच्या आधारे केलेले उपचार यांची तुलना तिच्यात होती. दोन्ही गटांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. या चाचणीचे विशेष असे की, तिने केवळ मृत्यू मोजले नाहीत. सहा महिन्यांनंतरची कार्यक्षमता, स्मरण, एकाग्रता अशा २१ घटकांचा एकत्रित विचार तिने केला.

आपल्याकडील चित्र मात्र अपुरे आहे. मुंबईतील केईएम व शीव रुग्णालये, कोलकाता व दिल्ली येथील एकेक रुग्णालय अशा चार मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांतील सुमारे १६,००० अपघातग्रस्तांची नोंद २०१३ ते २०१५ या काळात एका संशोधन प्रकल्पात पद्धतशीरपणे ठेवण्यात आली. ते मोलाचे काम आहे. परंतु ही नोंद मुख्यतः रुग्णालयातील उपचार व मृत्यू यांच्यापुरती आहे. ‘रुग्णास घरी सोडले’ या शेऱ्याशी आपली बहुतेक नोंद संपते. कुटुंबाची खरी परीक्षा मात्र तेथून सुरू होते.

दोन कार्यक्रमांच्या मधला रुग्ण

मेंदूइजा झालेली व्यक्ती घरी येते तेव्हा हातापायांनी बहुधा धडधाकट दिसते. पण ती चटकन रागावते, विसरते, तिला झोप लागत नाही, गर्दी व आवाज सहन होत नाही, काम अर्धवट टाकून ती बसून राहते. घरचे म्हणतात, ‘माणूस बदलला.’ अमेरिकेतील सिॲटल येथे मेंदूइजेच्या ५५९ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करण्यात आला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५३.१ टक्के रुग्णांना पहिल्या वर्षात तीव्र नैराश्य आल्याचे आढळले आणि त्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना त्यासाठी उपचार मिळाले होते.

असा रुग्ण नेमका कोणत्या कार्यक्रमाचा? शल्यचिकित्सा विभागाच्या दृष्टीने त्याची जखम भरली आहे. मानसिक आरोग्य विभागात तो आलाच तर ‘नैराश्य’ किंवा ‘वर्तनदोष’ अशी त्याची नोंद होते, जुना अपघात नोंदीत येतोच असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार सांगितले आहेत. त्यांत मानसिक आजार आहे, पार्किन्सन व मल्टिपल स्क्लेरोसिस आहेत, परंतु अपघातजन्य मेंदूइजा हा स्वतंत्र प्रकार नाही. तिच्यामुळे आलेले अपंगत्व दुसऱ्या कोणत्या तरी रकान्यात बसवावे लागते. ज्याला स्वतंत्र रकाना नाही त्याची गणना होत नाही, आणि ज्याची गणना होत नाही त्याच्यासाठी कार्यक्रम आखला जात नाही. दोन्ही कार्यक्रम आपापल्या अहवालात यशस्वी ठरतात आणि हा रुग्ण मात्र दोहोंच्या मधल्या जागेत हरवतो. दोन्ही मूल्यमापने अलग ठेवण्याचा हा सर्वांत मोठा तोटा आहे.

कळवणचा संदर्भ

वर चर्चिलेल्या निकषांना कळवणमध्ये तीन अडचणींना तोंड द्यावे लागेल.

पहिली अडचण भाषेची आहे. आशा कार्यकर्तींच्या गावपातळीवरील तपासणी पत्रकात नैराश्याविषयी दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद कमी वाटला का आणि उदास, निराश वाटले का, असे ते प्रश्न. उत्तराला शून्य ते तीन गुण द्यायचे असतात. कोकणा, भिल्ल किंवा महादेव कोळी समाजातील, घरात स्वतःची बोली बोलणाऱ्या वृद्धेला ‘रस कमी वाटणे’ हा शब्दप्रयोग कितपत उमगेल? तिचे दुःख अंगदुखी, भूक मोडणे, ‘जीव लागत नाही’ किंवा ‘बाहेरची बाधा’ अशा शब्दांतून व्यक्त होण्याची शक्यता अधिक. प्रश्न समजला नाही म्हणून आलेले शून्य आणि त्रास नाही म्हणून आलेले शून्य कागदावर सारखेच दिसते.

दुसरी अडचण स्थलांतराची आहे. पश्चिमेकडील पाड्यांवरील अनेक कुटुंबे पावसाळ्यानंतर दिंडोरी, निफाड भागातील द्राक्षबागांमध्ये मजुरीला जातात. सहा महिन्यांनी पाठपुराव्यासाठी गेलेल्या कार्यकर्तीला घराला कुलूप दिसते. असे रुग्ण ‘संपर्क तुटला’ म्हणून वगळले तर उरलेल्यांवरून काढलेली बरे होण्याची टक्केवारी फसवी ठरते. दुसरीकडे, जो रुग्ण पुन्हा बागेत मजुरीला जाऊ शकला, तो कदाचित सर्वांत चांगला सुधारलेला असेल. म्हणून पाठपुराव्याचे वेळापत्रक दिवाळी ते होळी हे हंगामी चक्र लक्षात घेऊन ठरविले पाहिजे.

तिसरी अडचण भगताची आहे. आजारी माणूस दवाखान्याआधी भगताकडे जातो, हे वास्तव मूल्यमापनात दडवून चालणार नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अघोरी प्रथांना योग्य प्रतिबंध केला आहे. तथापि, रुग्ण किती दिवस कोठे होता, हे विचारल्याशिवाय उपचारातील विलंब मोजता येत नाही. हा प्रश्न आरोपाच्या सुरात विचारला तर खरे उत्तर मिळणार नाही.

याखेरीज धोरणातील एक विषमताही नमूद केली पाहिजे. २०१५-१६ मध्ये सुरू झालेला शेतकरी समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी होता. आत्महत्यांची संख्या हा त्यामागील निकष समजण्याजोगा आहे. परंतु त्यामुळे नाशिक जिल्ह्यातील आदिवासी पट्टा त्या चौकटीबाहेर राहिला.

तुलनेचे समान निकष

वरील विवेचनाच्या आधारे दोन्ही प्रकारच्या कार्यक्रमांच्या तुलनेसाठी पुढील निकष सुचविता येतील.

१. निश्चित छेद : दवाखान्यात आलेल्यांऐवजी ठरावीक गावांची संपूर्ण लोकसंख्या हा मूल्यमापनाचा पाया असावा.

२. कार्यक्षमता हा प्रमुख परिणाम : जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेली अक्षमता-मापन श्रेणी कोणत्याही एका निदानाशी बांधलेली नाही. आकलन, हालचाल, स्वतःची काळजी, इतरांशी संबंध, घरकाम व व्यवसाय आणि समाजातील सहभाग या सहा अंगांनी ती व्यक्तीकडे पाहते. त्यामुळे नैराश्याचा रुग्ण व डोक्याला मार लागलेला रुग्ण यांना एकाच मापाने मोजता येते. मात्र तिचे प्रश्न स्थानिक जीवनात उतरविले पाहिजेत. रुग्ण एकटा एसटीने आठवडे बाजाराला जाऊन हिशेबाने परत येतो का, कांद्याची लागण किंवा खुरपणी पूर्ण दिवस करू शकतो का, लग्नकार्याला जातो का, हे प्रश्न येथे अधिक बोलके ठरतील.

३. तुलना गट : कार्यक्रम टप्प्याटप्प्याने सुरू करून, पाळीच्या प्रतीक्षेतील गावांशी तुलना करावी. गावांचा क्रम सोयीने किंवा शिफारशीने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवावा.

४. दीर्घ पाठपुरावा : तीन महिने, सहा महिने व एक वर्ष असे किमान तीन टप्पे असावेत. न सापडलेल्या रुग्णांची संख्या अहवालात स्पष्ट लिहावी.

५. कुटुंबाचा भार : बुडालेली मजुरी, प्रवासखर्च, काढलेले कर्ज आणि शुश्रूषेसाठी घरी थांबलेल्या स्त्रीचे किंवा शाळा सुटलेल्या मुलीचे नुकसान यांची नोंद व्हावी. शासनाच्या दृष्टीने स्वस्त असलेला कार्यक्रम कुटुंबाच्या दृष्टीने महाग असू शकतो.

या निकषांविरुद्ध एक आक्षेप संभवतो. सेवाच अपुरी असताना मूल्यमापनावर शक्ती का खर्च करावी? आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु स्टिरॉइडच्या उदाहरणाने त्याचे उत्तर दिले आहे. जेथे साधने कमी आहेत तेथे चुकीच्या कामावर ती खर्च होणे अधिक महाग पडते. दुसरा आक्षेप असा की, कार्यक्षमतेवर भर दिल्याने माणसाची किंमत त्याच्या मजुरीवरून ठरेल. हा धोका खरा आहे. म्हणूनच सहा अंगांपैकी केवळ कामाचे अंग उचलून चालणार नाही. जो पुन्हा कधीही कामावर जाऊ शकणार नाही अशा रुग्णाचे घरातले स्थान, त्याच्याशी होणारे बोलणे, त्याचा सन्मान हेही परिणामाचेच घटक होत.

निष्कर्ष व शिफारशी

१. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात गोवा, सातारा, अमरावती व मेहसाणा येथील मूल्यमापनांनी स्थानिक कार्यकर्त्यांच्या मदतीने चालणारे कार्यक्रम उपयुक्त ठरू शकतात हे दाखविले आहे. त्यांची परिणामकारकता मात्र ठिकाणानुसार व आधीच्या सेवेच्या दर्जानुसार बदलते.

२. मेंदूइजेच्या क्षेत्रात तातडीच्या उपचारांचे मूल्यमापन प्रगत आहे, परंतु आपल्याकडे घरी परतल्यानंतरच्या पुनर्वसनाचे मूल्यमापन अत्यंत दुबळे आहे.

३. मानसिक आरोग्याच्या प्रत्येक नव्या रुग्णाला ‘पूर्वी डोक्याला मार लागला होता का, शुद्ध हरपली होती का’ हे विचारावे. तसेच डोक्याला मार लागून घरी गेलेल्या प्रत्येक रुग्णाची तीन महिन्यांनी मनःस्थितीबाबत तपासणी व्हावी. या दोन साध्या नोंदींनी दोन्ही कार्यक्रम जोडले जातील.

४. तपासणीचे प्रश्न कोकणा व अन्य स्थानिक बोलींमध्ये तसेच अहिराणीत तयार करून, वापरण्यापूर्वी त्यांची समज तपासावी. तालुक्यातील महाविद्यालयांचे भाषा, समाजशास्त्र व मानसशास्त्र विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजनेतील त्या बोली बोलणारे विद्यार्थी या कामी मोठे साहाय्य करू शकतात. रुग्णांच्या माहितीची गोपनीयता हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क असल्याने नाव-गाव वगळूनच नोंदी हाताळाव्यात.

५. कळवण व लगतच्या आदिवासी तालुक्यांत आरोग्य विभाग व एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प यांनी संयुक्तपणे टप्प्याटप्प्याचा एक कार्यक्रम आखावा आणि त्याचे मूल्यमापन कार्यक्रम राबविणाऱ्या यंत्रणेबाहेरील संस्थेकडून करून घ्यावे.

समारोप

मूल्यमापन म्हणजे कार्यक्रमातील दोष शोधणे नव्हे, तसेच ते निधीच्या विनियोगाचे प्रमाणपत्रही नव्हे. ज्या माणसासाठी हा सर्व खटाटोप चालला आहे त्याच्यापर्यंत काय पोहोचले, याचा तो शोध आहे. अभोणा, कनाशी किंवा दळवटच्या परिसरातील एखादा तरुण डोक्याला मार लागून दवाखान्यातून घरी आला आणि वर्षभराने तो कोठे आहे हे कोणत्याच वहीत लिहिलेले नसेल, तर ‘रुग्णास घरी सोडले’ हा शेरा यशाची नोंद म्हणून स्वीकारता येणार नाही. त्या वहीत वर्षानंतरचा एक रकाना वाढविणे हे अल्प खर्चाचे काम आहे, आणि दोन्ही कार्यक्रमांची खरी तुलना त्या रकान्यापासूनच सुरू होऊ शकेल.